विषय: बशीत उरलेलं एक क्रोकेट

माणूस हा समूहात राहणारा प्राणी असल्यामुळे बशीत शेवटी एक तुकडा उरतो. एकटा माणूस खात असेल तर असा तुकडा उरत नाही. दोघे असतील तर तो क्वचित उरतो. तिघांपासून पुढे तो हमखास उरतो, आणि सुसंस्कृत कुटुंब असेल तर त्या तुकड्याची नेमणूक जवळजवळ कायमस्वरूपी होते. आमचं कुटुंब अत्यंत सुसंस्कृत आहे. हे मी अभिमानाने सांगत नसून केवळ नोंद व्हावी म्हणून सांगतो.

मी स्वतः एका कार्यालयात टिपणं लिहितो. विषय आला की त्याच्या दोन्ही बाजू मांडायच्या आणि खाली 'योग्य त्या निर्णयासाठी सादर' असं लिहून तो वरच्या टेबलावर पाठवायचा, असं या कामाचं स्वरूप आहे. (वरचं टेबल तो त्याच्याही वरच्या टेबलावर पाठवतं. सगळ्यात वर काय होतं ते मला माहीत नाही. तिथून विषय बहुधा खाली येतो.) एवढ्या नोकरीत माझ्या हातून एकही चुकीचा निर्णय झालेला नाही, कारण निर्णयच झालेला नाही.

विषय असा होता. माझ्या भाचीला एका बारमध्ये कॉकटेल बनवणाऱ्या मुलाशी लग्न करायचं होतं. भाची दवाखान्यात एक्स-रे काढते. दोन वर्षांपूर्वी तिने ही गोष्ट घरात सांगितली आणि कुणीही विरोध केला नाही. इथेच सगळा घोळ झाला. विरोध झाला असता तर रडारड झाली असती, अबोला झाला असता, कुणीतरी जेवण सोडलं असतं आणि महिन्याभरात लग्न उरकलं असतं. पण तिची आई, म्हणजे माझी आक्का, म्हणाली, "माझं काही नाही बाई. आत्यांना विचार, त्या मोठ्या आहेत." आत्या म्हणाल्या, "मी कोण सांगणार? आईबाप धडधाकट बसलेत ना." तिचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, म्हणाले, "तुझी आई म्हणेल तसं." आक्काने मग विषय माझ्याकडे पाठवला, कारण मामाचाही काही मान असतो. मी दोन्ही बाजू मांडल्या आणि आत्यांकडे सादर केला.

असा तो विषय दोन वर्षं घरात फिरत होता. मध्यंतरी मुलाला दुसऱ्या गावातल्या नव्या शाखेचा प्रमुख म्हणून नेमलं. पुढच्या महिन्यात त्याला निघायचं होतं. तेव्हा भाची आम्हाला म्हणाली, "एकतर मी त्याच्याबरोबर जाईन. नाहीतर तो जाईल आणि मी इथे तुमच्या तोंडाकडे बघत बसेन. एकदा त्याचं काम बघा, पोटभर खा, आणि टेबलावरून उठायच्या आत हो की नाही ते सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, पण सांगा." तिचा आवाज थोडा कापत होता. मला फार वाईट वाटलं, आणि आत्या काय ते सांगतीलच असं मी तिला सांगितलं.

ठरल्याप्रमाणे आम्ही पाच जण संध्याकाळी त्या बारमध्ये दाखल झालो. (माझ्या पत्नीला ऐनवेळी डोकेदुखी मिळाली.)

हा बार क्यूबा या देशाच्या धर्तीवर उभारलेला आहे. त्यासाठी नव्याकोऱ्या भिंतीला आधी गिलावा करून मग तो कारागीर लावून ठिकठिकाणी पाडण्यात आला आहे. आमच्या घराच्या भिंतीचा गिलावा कुणाच्याही मदतीशिवाय तसाच पडला आहे, पण तिथे कुणी टेबल राखून ठेवत नाही. एका भिंतीतून जुन्या मोटारीचं निळं तोंड बाहेर आलेलं आहे. उरलेली मोटार पलीकडच्या स्वच्छतागृहात असावी असं वाटून भाऊजी बघून आले, पण तिथे फक्त हात धुण्याची सूचना होती. छताला मोठमोठे पंखे आहेत. ते फिरत नाहीत, कारण ते वातावरणासाठी आहेत; हवेसाठी वेगळं यंत्र आहे. भिंतीवर सिगार ओढणाऱ्या म्हाताऱ्यांची छायाचित्रं आहेत आणि त्यांच्याच खाली धूम्रपान करू नये असं लिहिलं आहे. म्हातारे मात्र कुणाचं ऐकणाऱ्यातले दिसत नव्हते.

कोपऱ्यात चार वादक होते. त्यांतला एक दोन भोपळ्यांसारखी वाद्यं सतत हलवत होता आणि त्यांत काय भरलं आहे हे आक्काला शेवटपर्यंत कळू दिलं गेलं नाही.

तिथे मजा ही आपोआप येईल अशा भरवशावर सोडलेली नाही. त्यासाठी एक स्वतंत्र बाई नेमलेली आहे. तिच्या केसांत कागदाचं फूल आणि गळ्यात शिटी असते. ती टेबलाटेबलाशी जाऊन "मजा येतेय ना?" असं विचारते आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. ती आमच्याकडे आली तेव्हा आक्का म्हणाली, "येतेय हो. तुमचं काय? तुम्ही खाल्लंत का काही?"

बाईने आक्काकडे नीट वळून बघितलं. रुजू झाल्यापासून तिला हे कुणी विचारलं नसावं. "नाही अजून," ती म्हणाली, आणि शिटी न वाजवताच पुढच्या टेबलाकडे गेली.

मुलगा काउंटरमागे होता. फुलाफुलांचा शर्ट, बाह्या वर दुमडलेल्या. भाचीने त्याच्याकडे बघितलं, त्याने भाचीकडे बघितलं आणि दोघंही कामाला लागली, म्हणजे तो पुदिना ठेचू लागला आणि ती आमचे चेहरे वाचू लागली. आत्या मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. औषधाचं माप चुकलं की त्यांनी भल्याभल्या डॉक्टरांना दारात उभं केलेलं आहे. त्यांनी चष्मा लावून मुलाचे हात न्याहाळले. त्याने रम मोजली, लिंबू पिळलं, साखर घातली, बर्फ भरला आणि पेला पुढे ठेवला. "सांडत नाही," आत्या म्हणाल्या. "हात स्थिर आहे." त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळालेला एकच माणूस आम्हाला माहीत आहे आणि तो पुढे हृदयाची ऑपरेशनं करू लागला. स्वतःसाठी त्यांनी अर्ध्या मापाचं तेच पेय, म्हणजे मोहितो, मागवलं आणि पाल्याचं प्रमाण जरा जास्त आहे, एवढाच शेरा दिला.

भाचीचा चेहरा उजळला. आता कुणीतरी फक्त हो म्हणायचं होतं. आक्का आत्यांकडे बघू लागली, आत्या भाऊजींकडे, भाऊजी माझ्याकडे आणि मी खाद्यपदार्थांच्या यादीकडे.

या ठिकाणी जेवण मिळत नाही, तापास मिळतात. (तापास मूळचे क्यूबाचे नसून स्पेनचे आहेत, असं भाचीने सांगितलं. भुकेल्या माणसाला या दोन देशांमधलं अंतर फारसं जाणवत नाही.) तापास म्हणजे छोट्या बशीत छोटा पदार्थ. एका बशीत कधी चार नग असतात, कधी पाच, कधी सहा. ही व्यवस्था कुणी केली ते कळत नाही, पण ती करणाऱ्याला आमचं कुटुंब माहीत नव्हतं हे नक्की.

पहिल्यांदा क्रोकेट आली. कटलेटच्या घराण्यातली, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, अंगठ्याएवढी. नग सहा. पाच जणांनी एकेक घेतलं आणि एक उरलं.

आता नकाराविषयी थोडं सांगणं भाग आहे. आमच्याकडे नकाराचे तीन दर्जे मानतात. नुसतं 'नको' हा तिसरा दर्जा. त्याचा अर्थ 'विचारत राहा' असा होतो. 'अहो खरंच नको' हा दुसरा; याचा अर्थ हो. बशीवर आडवा हात धरून 'आता अगदी पुरे' हा पहिला दर्जा. याचाही अर्थ हो, पण वाढणाऱ्याने तो हात स्वतः बाजूला सारला पाहिजे. आमच्या पाहणीनुसार दर दहा नकारांपैकी नऊ खोटे असतात आणि दहावा माणूस आजारी असतो. एवढी शास्त्रशुद्ध पद्धत असूनही शेवटच्या तुकड्यापुढे तिचं काही चालत नाही. कारण तिथे घेणारा एक आणि बघणारे चार असतात.

"घ्या ना," आक्का आत्यांना म्हणाली.

"अगं, मला कुठे जातंय आता. त्याला दे."

"मला नको," भाऊजी म्हणाले. क्रोकेटवरून त्यांची नजर हलत नव्हती. भाऊजींचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे त्यांना दूरचं आणि जवळचं दोन्ही स्वच्छ दिसतं. "मामांना द्या."

"छे छे. भाचीला घेऊ दे," मी म्हणालो.

"मला आधी उत्तर हवंय," भाची म्हणाली.

म्हणून ते क्रोकेट तिथेच राहिलं. मग तळलेली केळी आली. एक राहिलं. ऑलिव्ह आली, एक राहिलं. लसणातली कोळंबी आली. तिच्या शेवटच्या नगाबाबत आक्काने अर्धं-अर्धं करण्याचा मार्ग काढला, जो या शास्त्रात पुढची पायरी समजला जातो. अर्धी कोळंबी आत्यांनी खाल्ली. उरलेल्या अर्धीची पाव केली, पाव मी खाल्ली. पावाचीही अर्धी झाली. अखेर बशीत जे राहिलं ते कोळंबीपेक्षा कोळंबीची आठवण म्हणण्याजोगं होतं, पण ते शेवटचं होतं आणि त्याला कुणीही हात लावला नाही.

इथे त्या बारचाही एक नियम आडवा आला. तिथे बशी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय उचलत नाहीत. (पूर्वी एका गिऱ्हाइकाचं ऑलिव्ह असंच उचललं गेलं होतं. ते ऑलिव्ह त्याने शेवटी खायला राखून ठेवलं होतं म्हणे. तो माणूस रडला.) वेटर दर पाच मिनिटांनी यायचा, प्रत्येक बशीत डोकवायचा आणि आदराने परत जायचा. अशा रीतीने दोन थोर परंपरा आमच्या टेबलावर समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि टेबल तर एवढंसं होतं. पुढची बशी ठेवायला जागा उरली नाही तेव्हा आत्यांनी आपला पेला मांडीवर घेतला. त्याच्या पुढच्या बशीला भाऊजींनी दोन्ही हातांत धरलं. त्यानंतरच्या बटाट्यांची बशी घेऊन वेटर स्वतःच आमच्या शेजारी उभा राहिला आणि थोड्या वेळाने कुटुंबातलाच वाटू लागला. आक्काने त्याला बटाटा देऊ केला. तो म्हणाला, "नको नको, तुम्ही घ्या." संसर्ग पसरत होता.

एवढ्यात शिटी वाजली आणि नाच सुरू झाला. या नाचात माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांग करतात आणि सगळ्या टेबलांमधून वळणं घेत फिरतात. आपल्याकडच्या इतर रांगांपेक्षा ती पुढे सरकते हे तिचं वैशिष्ट्य. भाऊजी अचानक उठले, हातातली बशी माझ्या हातात दिली आणि रांगेत सामील झाले. आम्ही थक्क झालो. स्वतःच्या लग्नातही हा माणूस खुर्चीवरून हलला नव्हता. "उत्साह आहे हो त्यांच्यात," आक्का कौतुकाने म्हणाली. रांग संपली, पुन्हा सुरू झाली. भाऊजी पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीला कागदाच्या फुलाच्या बाईने त्यांना गवती टोपी बक्षीस दिली. ते परतले तेव्हा त्यांच्या मिशीत पावाचा चुरा आणि ओठाला कसलंसं लाल चटणीवजा काही लागलेलं होतं. आपल्या टेबलावरचा शेवटचा तुकडा खाणं हा अपराध आहे, पण परक्या टेबलाजवळून नाचत जाताना काही नियम लागू होतो की नाही, याबद्दल परंपरा काहीच सांगत नाही.

"आता तरी क्रोकेट घ्या," आक्का त्यांना म्हणाली. "केवढे नाचलात."

"खरंच नको गं," भाऊजी म्हणाले. त्या संध्याकाळी झालेला हा पहिला खरा नकार. त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

आमची टेबलाची वेळ संपत आली. पुढची मंडळी येऊन आमच्या खुर्च्यांमागे उभी राहिली आणि आमच्या बशांकडे बघू लागली. मुलगा हात पुसत काउंटरमागून बाहेर आला आणि टेबलाशी येऊन उभा राहिला. जवळून तो बराच दमलेला दिसत होता. त्याने आत्यांना आणि आक्काला नमस्कार केला. भाऊजींच्या टोपीकडे त्याने बघितलं, पण तो हसला नाही, हे मला आवडलं.

"बसा ना," आक्का म्हणाली. "काही घेतलंच नाही तुम्ही. हे क्रोकेट घ्या."

"नाही, तुम्ही घ्या. मी काय, इथलाच."

"असं कसं, घ्या."

"आत्यांना द्या."

आत्यांनी आक्काकडे बघितलं. आक्काने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत इतकं समाधान होतं की सांगता सोय नाही. मुलगा आमचाच होता. जन्मापासून आमचाच होता. त्याला आमच्यात आणायला कसलीही अडचण नव्हती, आता फक्त कुणीतरी तसं म्हणायचं होतं.

"मग?" भाची म्हणाली. "काय ठरलं?"

"आत्या सांगतील," आक्का म्हणाली.

"मी नाही बाई. आईबापांनी सांगावं."

"तिची आई म्हणेल तसं," भाऊजी म्हणाले.

"मामा आहे ना इथे," आक्का म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या एका हातात बशी होती. हो हा शब्द माझ्या अगदी तोंडाशी आला होता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. मी म्हणालो, "मला वाटतं, या बाबतीत मोठ्यांनीच..."

भाचीने माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. तिने क्रोकेट उचललं आणि खाल्लं.

शेजारी उभ्या असलेल्या वेटरने श्वास रोखला. भाचीने बशी पुढे सरकवली, आणि मुलाने, हाताला वळण पडल्यामुळे असेल, ती उचलली. मग तिने केळ्याचा तुकडा खाल्ला. त्याने ती बशी उचलली. ऑलिव्ह खाल्लं, बी त्याच्या तळहातावर ठेवली. कोळंबीचं जे काही होतं ते बोटाने टिपून घेतलं. माझ्या हातातल्या बशीतलं खाल्लं, वेटरच्या हातातला उरलेला बटाटा खाल्ला. ती खात होती आणि तो उचलत होता, कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. बघता बघता टेबल रिकामं झालं. भाची पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं आणि ती म्हणाली, "निघायच्या आधी आम्ही लग्न करतोय. तुम्ही सगळे या. पोटभर जेवायला घालू, आणि प्रत्येकाला वेगळं ताट."

तिचे डोळे भरले होते, पण आवाज आता कापत नव्हता.

आत्यांनी मांडीवरचा पेला टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, घेतलंस. दोन वर्षं मी वाट बघत होते, कुणीतरी हो म्हणेल म्हणून."

"म्हणजे तुमची हरकत नव्हती?" आक्काने विचारलं.

"माझी? मला वाटलं तुझी आहे."

"माझी कशाला असेल?" असं म्हणून आक्का रडायलाच लागली. भाऊजींनी टोपी काढली आणि सांगितलं की त्यांना मुलगा पहिल्या दिवसापासून पसंत होता. मला फार म्हणजे फारच आनंद झाला, आणि तो मी त्या वेळी तोंडाने बोलूनही दाखवला. अर्थात, तोवर सगळं ठरलेलं असल्यामुळे त्याला निर्णय म्हणता येणार नाही.

लग्न झालं. ती दोघं त्या गावात सुखात आहेत. आता घरात जो तो सांगतो की हे लग्न आपल्यामुळेच जमलं, आणि त्याच दमात पोरीला सगळ्यांसमोर शेवटचं क्रोकेट खाताना काहीच कसं वाटलं नाही, असंही म्हणतो. दोन्ही मतं नोंदवून घेतली आहेत.

हे वाचून तुम्ही हसला असाल. हसायला हरकत नाही. पण हसून झालं की जरा उठा आणि आपला फ्रिज उघडा. खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, एका लहान वाटीत चमचाभर भाजी झाकून ठेवलेली आहे. ती किती दिवसांची आहे हे विचारत नाही. ती तुम्ही खाल्लेली नाही, टाकलेली नाही, आणि कुणीतरी संपवेल म्हणून रोज झाकण उचलून परत ठेवता. तसाच तुमच्याच घरात कुणीतरी तुम्हाला मागे एक प्रश्न विचारला होता. तुम्ही 'बघू, सगळे मिळून ठरवू' म्हणाला होतात. ते माणूस बहुधा आत्ता शेजारच्याच खोलीत आहे. त्याला काय सांगायचं ते मी इथे लिहिणार होतो, पण एवढं एक वाक्य बशीत राहू देतो. तुम्ही घ्या ना, संकोच कसला.